कॅरिल चर्चिल यांची छापील नाटकं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चर्चिल वाचायला घेणाऱ्यांकडून तेच ते प्रश्न येत राहतात. काही कॉलेजातल्या नाटकवेड्या मुलांचे, काही इंग्रजी शिकवणाऱ्यांचे, बरेचसे प्रयोग करायला निघालेल्या दिग्दर्शकांचे. त्यातले निम्मे प्रश्न 'हे पानावर असं विचित्र का छापलंय?' या एकाच वळणाचे असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचं उत्तर नाटकाच्या पहिल्या प्रवेशाआधीच्या पानावर असतं. ते पान लोक सरसकट उलटून पुढे जातात. खालच्या उत्तरांत कथानकं उघड केलेली आहेत, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

१. कॅरिल चर्चिल म्हणजे नक्की कोण? नाव ऐकलंय, वाचलेलं काहीच नाही.

जन्म १९३८, लंडन. वडील व्यंगचित्रकार. महायुद्धानंतर कुटुंब काही वर्षं कॅनडात माँट्रियलला होतं. मग परत येऊन ऑक्सफर्डला लेडी मार्गारेट हॉलमध्ये इंग्रजीचं शिक्षण. 'डाउनस्टेअर्स' ही त्यांची एकांकिका १९५८ साली विद्यार्थ्यांनी केली. पुढे लग्न, तीन मुलगे, आणि त्या सगळ्या काळात मुख्यतः बीबीसी रेडिओसाठी लेखन. व्यावसायिक रंगमंचावर त्या खऱ्या अर्थाने आल्या १९७२ साली, 'ओनर्स' या नाटकाने, लंडनच्या रॉयल कोर्टच्या वरच्या मजल्यावरच्या छोट्या थिएटरात. १९७४-७५ मध्ये त्या तिथल्या निवासी नाटककार होत्या. त्या थिएटरशी असलेलं नातं पुढे जवळजवळ पन्नास वर्षं टिकलं. 'व्हॉट इफ इफ ओन्ली' हे छोटं नाटक २०२१ साली तिथेच झालं, तेव्हा बाईंनी ऐंशी ओलांडली होती.

एकदा गाजलेला साचा त्यांनी पुन्हा वापरला नाही. 'टॉप गर्ल्स'सारखं दुसरं नाटक त्यांच्याकडे शोधू नका, ते नाही.

२. नाटकं कुठल्या पुस्तकांत मिळतील? एकेक घ्यावं की संग्रह?

संग्रह घ्यावेत. 'प्लेज : वन' (१९८५) आणि 'प्लेज : टू' (१९९०) हे मेथ्युएन प्रकाशनाचे. पहिल्यात 'ओनर्स', 'ट्रॅप्स', 'व्हिनेगर टॉम', 'लाइट शायनिंग इन बकिंगहॅमशर' आणि 'क्लाउड नाइन'. दुसऱ्यात 'सॉफ्टकॉप्स', 'टॉप गर्ल्स', 'फेन' आणि 'सिरियस मनी'. मेथ्युएनमध्ये नाटकांची यादी सांभाळणाऱ्या निक हर्न यांनी १९८८ साली स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि चर्चिल यांची पुढची नाटकं तिकडे गेली. तिसरा संग्रह (१९९८) आणि चौथा (२००८) निक हर्न बुक्सचा, पाचवाही त्यांचाच. म्हणून कपाटात एक ते पाच ओळीने लावले तर पहिले दोन वेगळ्या घरचे दिसतात. संच अपुरा आहे असं समजू नका.

रेडिओ, टीव्ही आणि छोटी नाटकं 'शॉर्ट्स' या वेगळ्या पुस्तकात आहेत. एकांकिकेच्या शोधात असलेल्यांनी आधी ते उघडावं. 'नॉट नॉट नॉट नॉट नॉट इनफ ऑक्सिजन' हे १९७१ सालचं रेडिओ नाटक त्यातच आहे. भविष्यातलं लंडन, श्वास घ्यायला विकत आणलेला ऑक्सिजन. दिल्लीची हवा बघून आज कुणीही लिहील, पण हे पन्नास वर्षांपूर्वीचं आहे.

३. सुरुवात कुठल्या नाटकाने करू?

'अ नंबर'ने. २००२ सालचं, तासाभराचं, दोन नटांचं. सॉल्टर नावाचा बाप, आणि एकाच नटाने करायचे त्याचे तीन मुलगे. आपण एकटेच नाही, आपल्यासारखे हुबेहूब बरेच जण बनवले गेलेत, हे मुलाला कळलंय आणि तो बापाला जाब विचारतोय, इथे नाटक उघडतं. बाप थापा मारतो, पकडला जातो, नवी थाप मारतो. क्लोनिंगचं विज्ञान शून्य, बापलेकांचं भांडण मात्र अस्सल. पहिल्या प्रयोगात मायकल गॅम्बन आणि डॅनियल क्रेग होते.

त्यानंतर 'फार अवे' (२०००), मग 'टॉप गर्ल्स'. 'क्लाउड नाइन' आणि 'द स्क्रायकर' लगेच घेऊ नका. विद्यापीठाच्या यादीत 'क्लाउड नाइन' आधी असतं म्हणून पुष्कळ जण तिथून सुरू करतात, कुणाची भूमिका कोण करतंय याच्या गोंधळात सापडतात आणि नाटक सोडून नोट्स वाचायला लागतात.

४. संवादांच्या मधेच तिरपी रेघ (/) छापलेली आहे. ती काय?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न. ती रेघ म्हणजे पुढच्या पात्राने बोलायला सुरुवात करायची जागा. पहिलं पात्र मात्र थांबत नाही, आपलं वाक्य पुरं करतं. म्हणजे दोघं एकाच वेळी बोलतात. आपल्या भाषेत उदाहरण रचायचं तर :

आई : काल तू किती वाजता आलास ते मी / बघितलंय, साडेबारा झाले होते.
मुलगा : दहा. दहाला आलो.

आई 'बघितलंय' म्हणायला लागते त्याच क्षणी मुलगा 'दहा' म्हणतो. आई बोलतच राहते.

दुसरी खूण चांदणीची. एखादं बोलणं लगेच आधीच्या वाक्याला उत्तर नसून त्याच्याही आधीच्या वाक्याला जोडलेलं असेल, तर दोन्हीकडे चांदणी येते :

ताई : भाडं कोण भरणार आहे?*
वहिनी : चहा घेणार का कुणी?
दादा : *मी भरीन.

तिसरी गोष्ट खुणेशिवाय चालते. कधी एखादं पात्र दुसऱ्याच्या बोलण्यातून तसंच पुढे बोलत राहतं. छपाईत त्याचं वाक्य तुटलेलं दिसतं, पण ते एकसंध म्हणायचं असतं.

ही पद्धत त्यांनी आधी 'थ्री मोर स्लीपलेस नाइट्स' (१९८०) या छोट्या नाटकात वापरली आणि 'टॉप गर्ल्स'च्या पहिल्या प्रवेशात कळसाला नेली. तालमीत करायची एक गोष्ट : पहिल्या वाचनापासून रेघा पाळा. आधी सरळ वाचू, मग चढवू, असं केलं की नट एकमेकांसाठी थांबायला शिकतात आणि ती सवय पुढे जाता जात नाही. आणि रेघ म्हणजे 'जोरात बोला' नव्हे. पहिल्या प्रवेशात जेवायला बसलेल्या बायकांपैकी कुणालाच दुसरीचं पुरतं ऐकायचं नाहीये, म्हणून त्या एकमेकींवरून बोलतात. हे नटांना उमगलं की आवाज आपोआप जागेवर येतो.

५. 'टॉप गर्ल्स'मधल्या त्या जेवणाला आलेल्या बायका खऱ्या आहेत का?

काही खऱ्या, काही नाहीत, आणि एकीबद्दल शतकानुशतकं वाद. मार्लीन या १९८० च्या दशकातल्या बाईला नोकऱ्या मिळवून देणाऱ्या एजन्सीत बढती मिळालीय, त्याचं जेवण. पाहुण्या पाच.

इझाबेला बर्ड (१८३१-१९०४) पूर्णपणे खरी. प्रवास करून पुस्तकं लिहिणारी. काश्मीर-लडाखलाही येऊन गेली, नवऱ्याच्या स्मरणार्थ श्रीनगरला तिने दवाखाना काढला. लेडी निजो हीसुद्धा खरी, तेराव्या शतकातली, जपानच्या सम्राटाच्या अंतःपुरातली, नंतर भिक्षुणी होऊन पायी फिरलेली. तिची आठवणींची पोथी विसाव्या शतकात सापडली. पोप जोन ही पुरुषवेशात पोप झालेली बाई. नाटक तिला नवव्या शतकात ठेवतं, इतिहासकार तिला दंतकथा मानतात. डल ग्रेट ब्रॉयगलच्या चित्रातून आलेली, चिलखत घालून नरकावर चाल करून गेलेली शेतकरीण. ग्रिसेल्डा मध्ययुगीन इंग्रज कवी चॉसरच्या गोष्टीतली, नवऱ्याने मुलं काढून नेली तरी 'बरं' म्हणणारी.

खऱ्या-खोट्याचा हा हिशेब वाचकाला वाटतो तितका महत्त्वाचा नाही. टेबलावर सगळ्या सारख्याच खऱ्या आहेत. लक्ष ठेवायचं ते वेट्रेसवर. सगळ्यांना वाढणारी ती बाई प्रवेशभर एक शब्द बोलत नाही, आणि पराक्रमाच्या गप्पा मारणाऱ्यांपैकी कुणीही तिची विचारपूस करत नाही.

६. पण मग त्या बायका पुढे येतच नाहीत. पहिला अंक आणि बाकीचं नाटक यांचा संबंध काय?

येतात, वेगळ्या कपड्यांत. रॉयल कोर्टच्या १९८२ च्या प्रयोगात सोळा भूमिका सात नट्यांनी केल्या. मार्लीन करणारी तेवढी एकच भूमिका करते. बाकीच्या पाहुण्या पुढे एजन्सीत नोकरी मागायला आलेल्या मुली, तिथल्या मुलाखत घेणाऱ्या, किंवा गावाकडची माणसं होऊन परततात. म्हणजे संबंध गोष्टीत नाही, नट्यांच्या देहांत आहे. पुस्तकात ते दिसत नाही, म्हणून वाचकाला पहिला अंक सुटा वाटतो. पात्रयादीशेजारी पेन्सिलने नट्यांची वाटणी लिहून मग वाचा.

नॅशनल थिएटरने २०१९ साली प्रत्येक भूमिकेला वेगळी नटी घेतली. मोठ्या संस्थेला ते परवडतं. माझ्या मते त्यात नाटकाचं काहीतरी जातं, पण अशी वाटणी चालतच नाही असं म्हणता येणार नाही.

७. माझ्या प्रतीत 'टॉप गर्ल्स' दोन अंकी आहे, मैत्रिणीच्या प्रतीत तीन अंकी. कुठली खरी?

दोन्ही. मजकूर तोच, अंकांची विभागणी आवृत्तीगणिक वेगळी. लेखिकेच्या मनात आधीपासून तीन अंक होते. मध्यंतर एकच हवं म्हणून दोन अंकांत मांडणी झाली. निबंधात संदर्भ देताना 'अंक दुसरा, प्रवेश पहिला' एवढंच लिहिलंत तर परीक्षकाच्या प्रतीत तिथे भलताच प्रवेश निघू शकतो, म्हणून आवृत्ती नमूद करा.

कुठल्याही आवृत्तीत शेवटचा प्रवेश आधीच्या गोष्टीच्या वर्षभर आधी घडतो. सफोकच्या घरात मार्लीन आणि तिची बहीण जॉयस तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान थॅचरबाईंवरून भांडतात, आणि जॉयसची म्हणून वाढलेली अँजी मार्लीनची मुलगी आहे हे तिथे उघड होतं. 'कालक्रम चुकलाय का' असं विचारणाऱ्यांसाठी : चुकलेला नाही. मार्लीन अँजीबद्दल आपल्या ऑफिसात काय बोलते ते आपण आधीच ऐकलेलं असतं, म्हणून त्या स्वयंपाकघरातलं प्रत्येक वाक्य टोचतं.

८. 'क्लाउड नाइन'मध्ये पुरुष बाईची भूमिका करतो. आपल्याकडे बालगंधर्व करतच होते की! यात नवीन काय?

हा प्रश्न मराठी वाचकच विचारू शकतो, आणि तो चांगला आहे. बालगंधर्वांच्या भामिनीत पुरुष पुसला जायचा, आणि त्या पुसण्यालाच प्रेक्षक दाद द्यायचा. चर्चिल यांच्या नाटकातल्या बेटी या बायकोच्या भूमिकेत पुरुष दिसत राहिला पाहिजे.

पहिला अंक व्हिक्टोरियन काळातल्या आफ्रिकेतल्या ब्रिटिश वसाहतीत. घराचा कर्ता क्लाइव्ह. त्याची बायको बेटी पुरुष करतो, कारण नवऱ्याला जशी बाई हवी तशी व्हायचं हेच तिचं आयुष्य. कृष्णवर्णीय नोकर जोशुआ गोरा नट करतो, कारण जोशुआला गोऱ्यांना हवं तसं व्हायचंय. बाहुल्यांशी खेळणारा मुलगा एडवर्ड नटी करते. धाकटी व्हिक्टोरिया तर नुसती बाहुलीच. दुसरा अंक १९७९ च्या लंडनमध्ये. मधे शंभर वर्षं गेली, पण पात्रांची फक्त पंचवीस. आता बेटी नटी करते, एडवर्ड नट करतो. लहानगी कॅथी तेवढी पुरुष करतो.

बेटी करणाऱ्या नटाने नाजूक आवाज, लचकणं यांच्या वाटेला जाऊ नये. साधं, सरळ करावं. गंमत करायला गेलं की पहिला अंक फार्स होतो आणि दुसऱ्या अंकात खऱ्या बेटीचा एकटेपणा रुजत नाही.

९. 'क्लाउड नाइन'चे शेवट दोन आहेत असं वाचलं. खरं का?

हो. नाटक पहिल्यांदा १९७९ मध्ये जॉइंट स्टॉक या कंपनीने केलं (प्रश्न १० पाहा). १९८१ मध्ये न्यू यॉर्कला टॉमी ट्यून यांनी ते बसवलं तेव्हा दुसऱ्या अंकातलं बेटीचं लांब स्वगत उचलून शेवटाकडे नेलं. प्रयोग तिथे खूप चालला आणि ती मांडणीही छापली गेली. त्यामुळे अमेरिकेत छापलेली जुनी प्रत आणि ब्रिटिश प्रत यांत फरक पडू शकतो.

माझं मत विचाराल तर ब्रिटिश मांडणी. अमेरिकन मांडणीत सगळा भर एकट्या बेटीवर जातो. मूळ मांडणीत तिच्या स्वगतानंतरही आयुष्य चालू राहतं, आणि ते घोळक्याचं नाटक राहतं. चर्चिल यांची नाराजीही साधारण याच अंगाची होती.

१०. ही नाटकं नटांबरोबर कार्यशाळेत लिहिली म्हणतात. मग लेखिका एकट्या चर्चिल कशा?

१९७४ साली मॅक्स स्टॅफर्ड-क्लार्क, डेव्हिड हेअर वगैरेंनी काढलेल्या जॉइंट स्टॉक कंपनीची ही पद्धत. आधी काही आठवडे लेखक, दिग्दर्शक, नट सगळे मिळून विषयाचा शोध घ्यायचे : वाचन, मुलाखती, उत्स्फूर्तपणे रचलेले प्रसंग. मग लेखक घरी जाऊन काही आठवडे एकटा लिहायचा. त्यानंतर तालमी. म्हणजे शोध सगळ्यांचा, शब्द लेखकाचे.

'लाइट शायनिंग इन बकिंगहॅमशर' (१९७६) इंग्लंडच्या सतराव्या शतकातल्या यादवीवरचं. त्यात १६४७ च्या पटनीच्या चर्चा आहेत, राजाविरुद्ध लढलेल्या सैनिकांनी मताचा हक्क मागितला तेव्हाच्या. एकच पात्र वेगवेगळ्या प्रवेशांत वेगवेगळे नट करतात. हे नटांच्या टंचाईमुळे नव्हे. क्रांती एका नायकाची नव्हती, हे दाखवण्यासाठी. 'फेन' (१९८३) साठी कंपनी इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सखल शेतीच्या भागात, अपवेल नावाच्या गावात जाऊन राहिली. बटाटे वेचणाऱ्या बायका नाटकात आल्या त्या तिथून.

'मॅड फॉरेस्ट' (१९९०) हे यातलं सर्वांत धाडसी. डिसेंबर १९८९ मध्ये रोमानियात हुकूमशहा चाउशेस्कूची सत्ता कोसळली. चर्चिल, दिग्दर्शक मार्क विंग-डेव्ही आणि लंडनच्या सेंट्रल स्कूल या नाट्यशाळेचे विद्यार्थी पुढच्याच वसंतात बुखारेस्टला गेले, तिथल्या नाट्यविद्यार्थ्यांबरोबर लोकांना भेटले, आणि जूनमध्ये प्रयोग उभा होता. सप्टेंबरात तो बुखारेस्टलाही झाला. मधला अंक 'डिसेंबर' सलग साक्षींसारखा आहे : चित्रकार, डॉक्टर, विद्यार्थी, बुलडोझर चालवणारा असे अनेक जण आपापलं सांगतात, एकमेकांशी बोलत नाहीत. तो अंक बसवताना नटांना 'संवाद' करायचा मोह होतो, तो आवरा.

११. 'व्हिनेगर टॉम'मधली गाणी कुणी म्हणायची? आणि वगळली तर?

चेटकिणी ठरवून मारल्या गेलेल्या सतराव्या शतकातल्या बायकांचं हे नाटक. गाणी मात्र आजची. छापील सूचना स्पष्ट आहे : जमल्यास आधुनिक कपड्यांतल्या नटांनी म्हणावीत. ती नाट्यव्यापाराचा भाग नाहीत, आधीच्या प्रवेशातल्या पात्रांनी ती म्हणायची नाहीत. संगीत नाटकावर वाढलेला दिग्दर्शक हमखास पात्राच्याच तोंडी गाणं देतो, कारण आपल्याकडे पद हे पात्राचं मन असतं. इथे गाणं प्रेक्षकाला त्या शतकातून बाहेर खेचण्यासाठी आहे.

वगळलीत तर करुण ऐतिहासिक नाटक उरतं. वगळू नका.

१२. 'सिरियस मनी' कळायला शेअरबाजार कळावा लागतो का?

लागत नाही. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या शेअरबाजाराचे नियम एका फटक्यात सैल झाले, त्यानंतरच्या पैशाच्या धुमाकुळाचं हे यमकबद्ध प्रहसन. कंपन्या गिळण्याचे डाव, एक संशयास्पद मृत्यू, आणि भावाच्या मृत्यूपेक्षा त्याच्या पैशाचा माग काढण्यात जास्त रमणारी बहीण. सुरुवातीला १६९२ च्या एका सट्टेबाजांवरच्या नाटकातला तुकडा आहे, तोही वगळू नका. मुंबईच्या बाजारात १९९५ च्या आधीची, ओरडून सौदे करायची रिंग ज्यांनी पाहिली असेल त्यांना तिथल्या कोलाहलाचे प्रवेश चटकन कळतील.

गंमत अशी की ज्यांची टर उडवलीय ते दलाल थिएटरात गर्दी करून हसले. उलट ब्रिटिश टेलिकॉमने वेस्ट एंडच्या (लंडनच्या व्यावसायिक नाट्यगृहांच्या भागातल्या) प्रयोगाला फोन द्यायला नकार दिला.

१३. माझ्या 'ब्लू हार्ट'च्या प्रतीत छपाईच्या चुका आहेत. वाक्यात मधेच 'ब्लू' आणि 'केटल' येतं. बदलून मिळेल का?

प्रत ठीक आहे. 'ब्लू हार्ट' (१९९७) म्हणजे दोन छोटी नाटकं. 'ब्लू केटल'मध्ये एक तरुण म्हाताऱ्या बायकांना 'मी तुमचा लहानपणी दत्तक दिलेला मुलगा' असं सांगून फसवतो. जसजशी फसवणूक वाढते तसतसे संवादातले शब्द काढून त्या जागी 'ब्लू' किंवा 'केटल' येत जातात, शेवटी त्यांचे तुकडेच उरतात. नटांनी मूळ शब्द मनात ठेवून बोलायचं. अर्थ आश्चर्यकारकरीत्या पोचतो.

जोडीचं 'हार्ट्स डिझायर' पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. ऑस्ट्रेलियातून मुलगी येणार म्हणून आईबाप स्वयंपाकघरात वाट बघताहेत, आणि प्रसंग अडखळून परत मागे जातो. तीच वाक्यं पुन्हा छापलेली दिसली तर पान दोनदा बांधलं गेलंय असं समजू नका.

'द स्क्रायकर' (१९९४) च्या सुरुवातीच्या लांब स्वगताबद्दलही अशीच तक्रार येते. तिथे बोलणारी जुनी, जखमी झालेली परी आहे आणि तिची भाषाही तुटून एका शब्दावरून भलत्याच शब्दावर घसरते. मोठ्याने वाचा. डोळ्यांनी ते लागत नाही.

१४. 'लव्ह अँड इन्फर्मेशन'मध्ये पात्रांची नावंच नाहीत. किती नट घ्यायचे? क्रम बदलता येतो का?

तालीमवाल्यांचा सर्वांत आवडता प्रश्न, आणि उत्तर पुस्तकाच्या सूचनेत आहे. नाटकाचे सात भाग. भागांचा क्रम तोच ठेवायचा. भागाच्या आतले प्रवेश हव्या त्या क्रमाने. शेवटी दिलेले सुटे तुकडे कुठल्याही भागात घालता येतात. ते ऐच्छिक आहेत, पण 'डिप्रेशन' नावाचे तुकडे घ्यावेच लागतात. पात्रं प्रत्येक प्रवेशात वेगळी. फक्त त्या 'डिप्रेशन'च्या तुकड्यांत तीच माणसं पुन्हा चालतील.

कोण बोलतंय, बाई की पुरुष, कुठे, हे काहीच दिलेलं नाही. रॉयल कोर्टला २०१२ साली सोळा नटांनी शंभरावर माणसं केली. कॉलेजच्या गटासाठी याहून चांगलं नाटक मला माहीत नाही : वीस मुलं असोत की आठ, सगळ्यांना काम, आणि कुणी नायक नाही. धोका एकच. दिग्दर्शक प्रत्येक तुकड्यासाठी भन्नाट जागा शोधत बसतो आणि मूळ चार ओळींतला चिमटा हरवतो.

१५. 'फार अवे'मध्ये कैद्यांची मिरवणूक आहे. आमच्याकडे सहा जण आहेत. जमेल?

छापील सूचनेप्रमाणे पाच फारच कमी, दहापेक्षा वीस बरे, आणि पुढे प्रश्नचिन्हासह : शंभर? म्हणजे सहा जणांत नियम मोडत नाही, पण जमतही नाही. दोन तरुण टोप्या बनवणारे स्पर्धेसाठी चित्रविचित्र टोप्या तयार करत असतात. नंतर कळतं, त्या टोप्या घालून कैद्यांना मारायला नेतात. त्या एका दृश्यासाठी गावातल्या हौशी मंडळींना बोलवा. संवाद नाहीत, एक तालीम पुरते. हाच या नाटकाचा खरा खर्च आहे. बाकी मुख्य भूमिका तीनच.

शेवटच्या भागात प्राणी, देश, नद्या सगळेच कुठल्या ना कुठल्या बाजूने युद्धात उतरलेत. मांजरं फ्रेंचांच्या बाजूने. प्रेक्षक हसतील, हसू द्या. नटांनी हसवायचं नाही.

१६. 'ड्रंक इनफ टू से आय लव्ह यू?'मध्ये सॅमच्या प्रियकराचं नाव जॅक की गाय?

२००६ च्या पहिल्या प्रतीत जॅक, नंतरच्या आवृत्तीत गाय. सॅम म्हणजे अमेरिका हे उघड आहे. जॅक म्हटल्यावर लोकांनी तो ब्रिटनचा झेंडा ('युनियन जॅक') धरला, दोन देशांचं रूपक वाचलं. लेखिकेला तो देशावर भाळलेला एक माणूस हवा होता. नाव बदललं. प्रयोगासाठी नंतरची प्रत घ्या.

१७. 'सेव्हन ज्यूइश चिल्ड्रन' परवानगीशिवाय करता येतं हे खरं का?

जानेवारी २००९ मधल्या गाझावरच्या हल्ल्यांनंतर लिहिलेलं, दहाएक मिनिटांचं. मुलीला काय सांगायचं आणि काय नाही, यावर मोठी माणसं बोलतात. मुलं रंगमंचावर येत नाहीत. ओळी कितीही नटांत कशाही वाटता येतात. तिकीट न लावता, आणि प्रयोगानंतर पॅलेस्टिनींच्या वैद्यकीय मदतीसाठी झोळी फिरवण्याच्या अटीवर चर्चिल यांनी ते विनामूल्य करायला मोकळं ठेवलं, मात्र त्यासाठी त्यांच्या एजंटला विचारायचं असतं. ही सवलत याच नाटकापुरती.

नाटकावर ज्यूद्वेषाचा आरोप झाला, चर्चिल यांनी तो नाकारला. २०२२ मध्ये जर्मनीत त्यांना जाहीर झालेला युरोपीय नाट्यपुरस्कार मागे घेतला गेला, तेव्हाच्या वादात हे नाटक पुन्हा चर्चेत आलं. करणार असाल तर दहा मिनिटांच्या प्रयोगानंतर तासाभराच्या चर्चेची तयारी ठेवा.

१८. 'हिअर वी गो'चा शेवटचा भाग जेमतेम काही ओळींचा आहे. पानं गळालीत का?

नाही. २०१५ च्या या नाटकाचे तीन भाग. पहिला अंत्यविधीनंतरच्या जमावाचा. त्यात प्रत्येक पात्र मधेच थांबून आपण स्वतः कधी आणि कसे मरणार ते सांगतं, आणि ही भाषणं पुस्तकात शेवटी वेगळी छापलीत, कुठे घालायची ते तुम्ही ठरवायचं. दुसरा मेलेल्या माणसाचं स्वगत. तिसऱ्यात शब्द नाहीत : एक म्हातारं किंवा आजारी माणूस, त्याला कपडे चढवणारी आणि उतरवणारी काळजीवाहू व्यक्ती, पुन्हा पुन्हा. वाचायला अर्धं मिनिट. करताना किती वेळ करायचं ते ठरवण्यातच सगळी कसोटी.

१९. मराठीत भाषांतर करून प्रयोग करायचा आहे. परवानगी लागते का?

लागते. लेखक हयात असताना आणि भारतीय कायद्याप्रमाणे मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क त्यांचे किंवा वारसांचे. भाषांतर हा प्रयोगापेक्षा वेगळा हक्क आहे. मूळ इंग्रजी प्रयोगाची परवानगी मिळाली म्हणून मराठी संहितेची मिळाली असं होत नाही. दोन्ही एकाच पत्रात मागा. प्रयोगहक्कांसाठी कुणाला लिहायचं ते पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर छापलेलं असतं. पत्रात गावाचं नाव, प्रेक्षागृहाची आसनसंख्या, तिकिटाचा दर, प्रयोगांची संख्या आणि भाषांतर कोण करणार हे लिहा. उत्तराला वेळ लागतो, म्हणून स्पर्धेचा अर्ज भरायच्या आधी विचारा, नंतर नव्हे.

कायद्यात हौशी मंडळांच्या विनामूल्य प्रयोगांना, आणि फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक यांच्यापुरत्या शाळा-कॉलेजातल्या प्रयोगांना काही सूट आहे. स्पर्धेत प्रवेशमूल्य किंवा तिकीट असेल तर ती लागू होईल असं धरून चालू नका. नाटकाची संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र ही निराळी बाब आहे. ते मिळालं म्हणजे लेखिकेची परवानगी मिळाली असं होत नाही.

२०. रूपांतर करून पात्रं महाराष्ट्रातली केली तर?

रूपांतरालाही परवानगी लागते (प्रश्न १९). मिळेल की नाही हे नाटकावर ठरेल, पण आधी स्वतःला विचारा की गरज आहे का. 'लव्ह अँड इन्फर्मेशन'मध्ये स्थळच दिलेलं नाही, नुसत्या भाषांतराने ते इथलं होतं. 'अ नंबर'चंही तसंच. 'टॉप गर्ल्स' मात्र थॅचरच्या इंग्लंडमध्ये घट्ट रुतलेलं आहे. मार्लीन आणि जॉयस यांच्या भांडणातून ते वर्ष काढलं तर उरतं ते दोन बहिणींचं नेहमीचं भांडण. जेवणाच्या टेबलावर रझिया, ताराबाई, आनंदीबाई बसवू या अशी सूचना बऱ्याच जणांची असते. सूचना वाईट नाही, पण मग ते तुमचं स्वतःचं नाटक होईल. तेच लिहा, आणि तिरप्या रेघा मात्र बिनधास्त वापरा. त्यांच्यावर कुणाचा हक्क नाही.